सतरा नंबरचं घट्ट झाकण

अहो, इकडे बघा. ओट्याच्या कडेला पालथ्या घातलेल्या डब्यांच्या रांगेत शेवटून दुसरा. पोटाला पोचा, झाकणावर लाल रंगात सतरा आकडा, आणि त्यातला सात जरा कलंडलेला. तो मीच. आत्ताच धुऊन ठेवलंय मला, अंग अजून निथळतंय, आणि अकरा वाजेपर्यंत मला काही काम नाही. तेवढ्यात माझी हकिगत सांगून घेतो. फार गोड काही ऐकायला मिळेल असं समजून बसू नका. माझ्या हातून, म्हणजे झाकणामुळे म्हणा हवं तर, एक वाईट गोष्ट घडलेली आहे आणि ती मी लपवणार नाही.

मी मूळचा सपाट पत्रा. कारखान्यात एका यंत्राने धाडकन दणका घातला आणि मी खोलगट झालो. दुसऱ्या दणक्याला झाकण मिळालं. मग एका बाईने दोन्ही बाजूंना दोन खटके बसवले, फडक्याने पुसलं आणि पुढच्या डब्याकडे वळली. माझ्यासारखे दिवसाला शेकड्यांनी निपजत होते, त्यामुळे जन्माचं कौतुक वगैरे काही झालं नाही.

माझा पहिला मालक टर्नर होता. लेथवर उभा राहून लोखंडाचे दांडे कातायचा. पिशवीत एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या कामाचे नकाशे, असा आमचा रोजचा प्रवास. आठवड्याभरातच माझ्यातला रस्सा गळला आणि एका नकाशावर पिवळा डाग पडला. साहेबाने त्याला सगळ्यांदेखत असं काही झापलं की घरी येईपर्यंत त्याचे कान लाल होते.

त्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधून रबराची जाड रिंग कापून आणली, झाकणाच्या आत बसवली. मला शिकंज्यात धरून दोन्ही खटके आत वाकवले. मग पाण्याने भरलं, बंद केलं आणि बायकोसमोर उलटं धरून गदागदा हलवलं. थेंब सांडला नाही.

"आता आपट, फेक, काय वाटेल ते कर," तो म्हणाला.

"ते ठीक आहे. पण मी धुवायला उघडू कसा?" बायकोने विचारलं.

"मी देत जाईन ना उघडून."

आणि खरंच द्यायचा. बावीस वर्षं रोज संध्याकाळी हातपाय धुतले की तो आधी मला उघडायचा. कारखान्यात तर माझी ख्याती पसरली होती. जेवायच्या सुट्टीत कोणीतरी पैज लावायचा, मी काही त्याच्याने उघडायचो नाही, आणि टर्नर हसत हसत एका हिसक्यात उघडायचा. मला ताठा चढला, खोटं कशाला बोलू. डबा असावा तर असा, बाकीची नुसती भांडी, असं मला वाटायला लागलं.

टर्नर निवृत्त झाला आणि मी माळ्यावर गेलो. एका बाजूला पातं तुटलेला पंखा, दुसऱ्या बाजूला कुलूप हरवलेली सुटकेस. नऊ वर्षं तिथे काढली. मध्ये केव्हातरी खाली रडारड ऐकू आली आणि त्यानंतर टर्नरचा खोकला ऐकू येईनासा झाला. मग एके दिवशी त्याची मुलगी माळा आवरायला चढली. आईला ती स्वतःकडे घेऊन चालली होती. माझ्यावरची धूळ तिने पदराने पुसली आणि म्हणाली, "आई, बाबांचा डबा त्या स्वयंपाकघराला देऊया का? त्यांना डबे हवेत म्हणे."

अशा रीतीने मी इथे आलो.

इथे म्हणजे वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत लांब टेबल, मागच्या खोलीत शेगड्या, आणि शेगड्यांपुढे काकू. काकूंनी तीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली. निवृत्त झाल्यावर आता आराम करायचा असं ठरवून पंधरा दिवस बसल्या आणि घरच्यांचं डोकं खाल्लं. मग एकदा दुकानात त्यांच्या समोर एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने पिशवीतलं सामान एकेक करून परत फळीवर ठेवलं आणि फक्त चहाची पुडी नि बिस्किटं घेतली.

"जेवायला काय करता?" काकूंनी विचारलं.

"चहा-बिस्किटावर भागतं हो. या वयात लागतं किती माणसाला?"

"किती लागतं ते मला नका शिकवू," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं मी आजारी माणसांची ताटं भरलीत. बरी होऊन घरी जायची आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच यायची, हाडं वर आलेली. आम्हाला वाटायचं, दुखणं उलटलं. उलटलं कसलं, घरी कोणी वाढायला नव्हतं."

त्या आठवड्यात त्यांनी वाचनालयाच्या मंडळाचं डोकं खाल्लं आणि खोल्या मिळवल्या. आसपासच्या गल्ल्यांत एकेकटे राहणारे म्हातारे शोधले. रोज दुपारी प्रत्येकाच्या दारात जेवणाचा डबा पोचवायचा, चार वाजता रिकामा डबा परत आणायचा, असा बेत ठरला. पोचवायचं काम घेतलं एका निवृत्त बस कंडक्टरने. तो अजूनही जिना चढताना "चला, पुढे सरका" म्हणतो, पुढे कोणी नसलं तरी. वही सांभाळायचं काम सरांनी घेतलं. सर म्हणजे शाळेचे माजी हेडमास्तर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि नियमाशिवाय पाणीही न पिणारे.

डबे लोकांनी दिलेले, त्यामुळे चोवीस डब्यांची चोवीस रूपं. प्रत्येकाला नंबर आणि प्रत्येक माणसाचा डबा ठरलेला. मी सतरा.

आता नियमाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या नियमावर अडली. चोवीस माणसांपुरताच शिधा होता आणि बारा नावं वाट पाहत होती. त्यातली एक बाई तर दर आठवड्याला येऊन दारात उभी राहायची आणि काही न बोलता परत जायची. सरांना ते बघवेना. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, की ज्याचा डबा महिन्यात तीनदा भरलेला परत येईल त्याला गरज नाही असं समजून त्याचं नाव कमी करावं आणि रांगेतल्या पुढच्याला घ्यावं. काकूंनी वाचलं आणि मान डोलावली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. भुकेला माणूस भरलेला डबा परत कशाला पाठवेल?

मी पहिल्यांदा गेलो तो पेंटरकडे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. तळमजल्याची मागची खोली, भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्या, खिडकीत वाळलेले ब्रश. कंडक्टरने मला टेबलावर ठेवलं, तसं त्यांनी चष्मा वर करून माझं झाकण बघितलं.

"हा सात कोणी काढलाय? उभा राहता येत नाही बिचाऱ्याला," ते म्हणाले, आणि मला हसू आलं.

कंडक्टर गेला. पेंटरांनी माझ्या खटक्याला हात घातला तेव्हा मला कळलं की त्यांचे हात थरथरतात. थोडे नव्हे, चांगलेच. बोट खटक्यावर टेकायचं आणि निसटायचं. त्यात माझं आणखी एक आहे. गरम जेवण भरून मला बंद केलं की जिने आणि गल्ल्या पार करेपर्यंत आतली वाफ निवते आणि झाकण आत ओढलं जातं. वर टर्नरने बसवलेली ती रिंग. मी नुसता बंद होत नाही, चिकटून बसतो. त्यांनी ब्रशच्या दांडीने उचकटून पाहिलं. दोन गुडघ्यांत धरून पाहिलं. अर्ध्या तासाने घाम पुसत म्हणाले, "अरे, तू डबा आहेस की तिजोरी?"

कधी उघडायचो मी, कधी नाही. जेव्हा नाही उघडायचो तेव्हा चार वाजता ते कंडक्टरला सांगायचे, "आज पोट जड आहे हो." खरं का सांगत नव्हते? तर हात थरथरतात ते बघून लोक म्हणायचे, म्हातारा पितो. आयुष्यात त्यांनी कधी थेंबाला हात लावला नव्हता. पण हाताचं कारण सांगायचं म्हणजे हात दाखवायचे, आणि हात दाखवले की समोरच्याच्या चेहऱ्यावर तो संशय बघायचा. त्यापेक्षा त्यांना उपास बरा वाटला.

मी काय करत होतो? सांगतो. मला अजूनही माझ्या घट्टपणाचा अभिमान होता. इकडे काकू परत आलेला डबा एका हिसक्यात उघडायच्या, कारण त्यांच्या हातांनी तीस वर्षं मोठमोठी पातेली उचलली होती, त्यामुळे त्यांनाही शंका आली नाही. तिसऱ्यांदा मी भरलेला परत आलो. सरांनी पट्टी ठेवून पेंटरांच्या नावावर रेघ मारली आणि रांगेतल्या पुढच्या नावापुढे सतरा लिहिलं.

ते नाव टेलरबाईंचं. चाळीस वर्षं त्यांनी मशीन चालवलं. तिसरा मजला, एकच खोली, मशीनवर आता औषधांच्या बाटल्या. पहिले काही महिने छान गेले. कात्रीचं टोक खटक्यात घालून, वर टाचेने दाबून त्या मला उघडायच्या. जेवायच्या सावकाश, प्रत्येक घास चावून. शेवटी पावाचा तुकडा आतून फिरवून मला असा लख्ख करायच्या की काकू म्हणायच्या, "सतराला धुवायचं तरी काय?"

मग थंडी पडली आणि त्यांच्या बोटांचे सांधे धरले. सकाळी तर मूठही उघडायची नाही. त्या सोमवारी त्यांनी मला उघडायला पाऊण तास घालवला. कात्री निसटली आणि अंगठ्याला लागली. मी समोर पडून होतो. माझ्या पोटात भात, वाटाण्याची भाजी आणि एक उकडलेलं अंडं, आणि ती बाई चार बोटांच्या अंतरावर भुकेली. तेव्हा मला पेंटर आठवले आणि पहिल्यांदा माझ्या घट्टपणाची मला लाज वाटली.

चार वाजता कंडक्टर आला. "बाई, हा तर भरलेला आहे."

"भूक नव्हती आज."

मंगळवारी मी कसाबसा उघडलो, बुधवारी पुन्हा तेच. या वेळी कंडक्टर दारातच घुटमळला. "बाई, मी सांगितलं असं सांगू नका, पण या महिन्यात तिसऱ्यांदा भरलेला आला तर सर नाव काढतात. तुम्हाला खरंच नको असेल तर गोष्ट वेगळी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

त्यांची अडचण अशी होती. त्यांच्या भाच्याने, सख्ख्या भावाच्या मुलाने, मागे एकदा बजावलं होतं, "आत्या, हात चालतात तोवर ठीक आहे. हात गेले की तुला एकटीला इथे ठेवायचं नाही. एखाद्या आश्रमात सोय करू." त्याने शेजारणीलाही आपला फोन नंबर देऊन ठेवला होता. म्हणजे शेजारणीकडून एकदा डबा उघडून घेतला की ती खबर भाच्याकडे पोचलीच. खोली गेली तर मग राहिलं काय? म्हणून बाई गप्प होत्या. कोणालाही सांगितलं तर घर जाणार आणि नाही सांगितलं तर जेवण.

गुरुवारीही कसंबसं जमलं. शुक्रवार आला. बारा वाजता कंडक्टरने मला टेबलावर ठेवलं आणि नेहमीसारखं न बोलता खाली मान घालून गेला. 

टेलरबाईंनी कात्री घेतली. मग चमचा. मग मला दाराच्या फटीत धरून दार लावून पाहिलं, त्यात माझ्या पोटाला हा पोचा आला. मीही जीव खाऊन जोर लावत होतो, तुमची शपथ. बाहेर ढकलत होतो झाकणाला. सुटेना. त्यांनी मला कढत पाण्यात ठेवायचं ठरवलं, पण भांडं उचलताना मनगटातून कळ आली आणि पाणी जमिनीवर सांडलं. त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्या रडल्या नाहीत. घड्याळाकडे पाहिलं, अडीच झाले होते. त्या उठल्या, केस नीट केले, अंगावर शाल घेतली, मला पिशवीत घातलं आणि पिशवी कोपरात अडकवली.

तीन मजले त्या कठड्याला धरून उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. दुकानदाराने विचारलं, "काही हवंय का?" म्हणाल्या, "नाही, दम खाते." पुन्हा उठल्या. कोणी रिक्षा करून देतो म्हणालं असतं तरी त्या थांबल्या नसत्या, असा एकंदर आवेश होता. पावणेचारला आम्ही इथे पोचलो.

सर टेबलाशी बसले होते, समोर वही उघडी. काकू कांदे निवडत होत्या. टेलरबाईंनी पिशवीतून मला काढलं आणि वहीवरच ठेवलं.

"सर, हा उघडून दाखवा."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे? भरलेलाच आहे की हा. आज तिसरा."

"हो, तिसरा. उघडून दाखवा."

सर हसले, जसं मास्तर मुलांच्या खोडीला हसतात. खटक्याला अंगठा लावला, ओढला. मी जागचा हललो नाही. जुनी सवय, जाते थोडीच. सरांनी रुमालाने हात पुसले आणि पुन्हा ओढला. मग उभे राहिले. मग मला छातीशी धरून दात आवळले, आणि ते दात त्यांचे स्वतःचे नसल्याने तेही जरा सरकले. कपाळावरची शीर फुगली. चष्मा नाकावरून घसरला.

"आणा इकडे," काकू पुढे आल्या.

"काकू, तुम्ही नको," टेलरबाई म्हणाल्या. "सरांनाच उघडू दे."

आवाज चढलेला नव्हता, पण काकू जागच्या जागी थांबल्या. तेवढ्यात रिकामे डबे आणायला निघालेला कंडक्टर पिशवी घ्यायला आत आला आणि दारातच उभा राहिला. सरांनी आणखी एकदा जोर लावला. त्यांची नखं पांढरी पडली. शेवटी त्यांनी मला खाली ठेवलं.

"नाही उघडत," ते म्हणाले.

"मग सरांना जेवणाची गरज नाही, असं लिहायचं का वहीत?"

  टेलरबाईंनी दोन्ही हात टेबलावर पसरले, वाकडी झालेली बोटं सगळ्यांना दिसतील असे. "या आठवड्यात हा डबा माझ्या घरातून दोनदा तसाच परत गेला. मला भूक नव्हती असं मी सांगितलं. खोटं सांगितलं मी."

मला इतका कढ आला होता की काकूंनी हिसका दिला तेव्हा मी नेहमीपेक्षा लवकर सुटलो. आतलं सगळं गार झालेलं होतं. "थांबा, गरम करून देते," काकू म्हणाल्या.

"गरम नंतर करा. आधी द्या."

त्या तिथेच टेबलाशी बसल्या आणि जेवल्या. सर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.  मग परत आले आणि वहीची मागची पानं चाळायला लागले.

"हा सतरा नंबर आधी कोणाकडे होता?"

"पेंटरकडे," कंडक्टर म्हणाला. "त्यांचं पोट जड असायचं."

"चला," सर म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ताच. त्यांचं जेवण कशात तरी भरा. आणि हा डबाही घ्या बरोबर, त्यांना विचारायचं आहे मला."

तळमजल्याची मागची खोली. दारापुढे नवी सायकल उभी होती. एका अनोळखी बाईने दार उघडलं. पेंटर? ते गेले की, दोन महिने झाले. आम्ही नंतर आलो इथे राहायला. कशाने गेले, सरांनी विचारलं. ती म्हणाली, "घरमालक सांगत होते, अशक्तपणा खूप आला होता. मोरीत चक्कर येऊन पडले. वय झालं होतं ना."

सर "हो" म्हणाले. आभार मानले. कंडक्टरच्या हातात पेंटरांचं गरम जेवण होतं, ते तसंच परत आलं. वाटेत सर एकदाच बोलले. "मी शाळेत मुलांना सांगायचो, उत्तर चुकलं तर रीत तपासा. आणि इथे मी रीत तपासलीच नाही."  मी पिशवीत होतो. मला त्या दिवशी पुन्हा पत्रा व्हावंसं वाटलं, सपाट, कशाचंही झाकण नसलेला.

नुसतं वाईट वाटून घेण्यात काकूंना रस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चोवीसच्या चोवीस डबे टेबलावर मांडले आणि टेलरबाईंना आणायला कंडक्टरला पाठवलं. "बाई, तुमच्या बोटांनी जो उघडणार नाही तो डबा या घरात राहणार नाही." टेलरबाईंनी एकेक करून सगळे तपासले. सात बाद झाले. मी तर पहिल्याच फटक्यात बाद होतो.

पण मला भंगारात टाकायला टेलरबाईंनी नाही म्हटलं. काकूंनी पकडीने माझे दोन्ही खटके उपटले आणि रिंग काढून फेकली. दुखलं, पण हायसंही वाटलं. झाकणाला एक रुंद कापडी पट्टी बसवायची ठरली. टेलरबाईंना सुई धरवेना, म्हणून त्यांनी कंडक्टरला शिवायला बसवलं आणि स्वतः समोर बसून तीनदा उसवायला लावलं. "तिकीट फाडताय का? टाके जवळ घ्या," म्हणाल्या. कंडक्टरने त्या दिवशी हूं की चूं केलं नाही.

सरांनी वहीतलं पहिलं पान फाडलं नाही. जुना नियम खोडून त्याखाली नवा लिहिला, म्हणजे चूक कोणाची ते सगळ्यांना दिसेल. आता डबा भरलेला परत आला तर नाव कमी होत नाही. त्याच संध्याकाळी आमच्यातलं कोणीतरी त्या घरी जातं आणि बसतं. दात दुखतात का, तिखट लागतं का, दिसत नाही का, मन लागत नाही का, हे सगळं विचारतं आणि पहिला घास पोटात गेल्यावरच उठतं. बहुतेक वेळा सर स्वतः जातात. आणि रांगेत उरलेली अकरा नावं? त्यासाठी काकू पुन्हा मंडळाकडे गेल्या आहेत, या वेळी टेलरबाईंना घेऊन. सहा जणांची सोय झाली आहे. पाच राहिलीत. त्या पाचांची सोय होईपर्यंत मंडळाची सुटका नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो.

मी आता गळतो, बरं का. सूप असलं की कंडक्टरच्या पिशवीला डाग पडतात आणि तो माझ्या नावाने बोटं मोडतो. मोडू दे. आणि तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की तुमच्याही जिन्यात एखादं दार असेल, त्याच्या मागे कोणीतरी एकटं राहत असेल. त्यांना काही नेऊन दिलंत तर दारातून परत फिरू नका. आत जा, बसा, ते खाताना बघा. "भूक नाही" म्हणाले तर लगेच विश्वास ठेवू नका.

अकरा वाजत आले, काकू भात उतरवताहेत. जाण्याआधी गेल्या रविवारचं तेवढं सांगतो. मी टेलरबाईंच्या टेबलावर होतो आणि अचानक भाचा आला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, हा कसला डबा? लोकांकडून येतं का तुला जेवण?"

टेलरबाईंनी हात पदराखाली घेतले. मला वाटलं, झालं, आता सांगतील शेजारणीचा आहे म्हणून. पण त्यांनी हात पुन्हा बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले.

"हे बघ माझे हात. हे तुला कळलं तर तू मला इथून हलवशील म्हणून लपवले. थंडीत मी उपाशी राहिले आणि तुला फोनवर मजेत आहे म्हणाले. आता नाही लपवणार. मला भूक लागते, रोज लागते. आणि मला माझ्या घरात, या खुर्चीत बसून जेवायचं आहे."

भाचा खाली बसला. त्या बोटांकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने मला उघडून द्यायला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझं मी उघडते."

त्यांनी दोन बोटं पट्टीत घातली, ओढली, आणि मी उघडलो.